न वाचलेलं कपाटात जात नाही

३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र एका तांत्रिक प्रश्नासाठी आहे. तुझा पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यात मिळाला, रिळांच्या खाली. तो मी पाहिलाय हे आईला माहीत नाही. माहीत असलं तरी ती तसं दाखवणार नाही.

प्रश्न असा. सुताच्या रंगाची शेड जुळवायला तू लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ७४० ते ७९०, दहादहाच्या अंतराने, अशा सहा ओळी होत्या. बघणारा ‘एक’ असेल तरच त्या चालायच्या, आणि त्यांत तारीख यायची. त्या कशासाठी होत्या? तुझ्याकडे टिपणं असतील तर पाठव, नसतील तर दोन वाक्यं पुरतील. फ्लॉपीवर त्या आता वाचता येत नाहीत.

कारण सांगते, कारण न सांगता विचारलं तर तू उत्तर देणार नाहीस. तू गेल्यापासून कारखान्यातली पद्धत बदललेली नाही. नवा नमुना आला की बाबा तो खिडकीशी धरतात आणि तीन आकडे सांगतात: पिवळा, तांबडा, निळा, प्रत्येक शंभरपैकी. हौदकाका ते कॉम्प्युटरच्या मशीनमध्ये टाकतात. मशीन विचारतं, ‘कोण बघतंय?’ काका एक दाबतात, म्हणजे बाबा. मग कोणती भुकटी किती ग्रॅम ते छापून येतं आणि काका हौद लावतात. जुन्या शेडना हे काही लागत नाही, त्या नंबरावर चालतात. म्हणून बरेच महिने काही लक्षात आलं नाही.

ऑक्टोबरपासून भरतकामाच्या दोऱ्याचे एक व्यापारी आपल्याकडे नवे नमुने पाठवू लागले. त्यांचे दोन लॉट परत आले. दोन्ही पिवळ्याकडे झुकलेले. बाबा नमुना आणि लडी शेजारी शेजारी धरतात आणि म्हणतात, एकच आहे. व्यापारी म्हणतात, नाही. हौदकाकाही म्हणाले, नाही. त्यावर बाबा म्हणाले की हात थरथरायला लागला असेल तर तसं सांगावं, वजन चुकवून दुसऱ्याच्या डोळ्यावर खापर फोडू नये. तीस वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला. तिसरा लॉट परत आला तर काकांनी पुढच्या महिन्यापासून यायचं नाही, असं ठरलंय. म्हणजे बाबांनी ठरवलंय. काकांना हौदाखेरीज दुसरं काही येत नाही, आणि घरी बसणं तर मुळीच येत नाही.

मीही लड्या पाहिल्या. मला पिवळ्या वाटल्या. पण मी प्रयोगशाळेत मीटर जुळवते, सूत बघत नाही, आणि आपल्या घरात बाबांच्या डोळ्यापुढे कुणी बोलत नाही.

तू जायच्या आधी त्या दिवशी जेवताना जे झालं त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

मशीनचा ड्राइव्ह महिनाभर नीट चालत नाही. एक फ्लॉपी वाचतो, दुसरी थुंकून टाकतो. कंपनी बंद पडली आहे. ज्याच्याकडून मशीन घेतलं तो दुकानदार म्हणाला, भंगारात द्या, वजनावर घेतात. मग त्याला दया आली, माझी नाही, मशीनची, आणि त्याने एका पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला. हेच मशीन वापरणाऱ्यांचं एक मंडळ आहे म्हणे. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी एका शाळेत जमतात. मला मंडळं, संघ, मेळावे यांतलं काहीच सोसत नाही हे तुला माहीत आहे. १६ तारखेला जाणार आहे.

बाबा बरे आहेत. आई बरी आहे.

धाकटी


१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाला चार दिवस लागतात, म्हणजे तुला विचार करायला आठ दिवस मिळाले. पुरेसे आहेत, पण मी घाई करत नाही.

मंडळाबद्दल लिहिते, कारण ड्राइव्ह दुरुस्त झाला आणि ते त्यांच्यामुळे.

शाळेतला भूगोलाचा वर्ग. भिंतीवर नकाशे, बाकांवर आपल्या मशीनसारखी सात मशीनं, सगळ्यांची कव्हरं पिवळट पडलेली. माणसं चौदा. मी धरून बायका दोन. दुसरी बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे नुसतंच ‘बाई’ म्हणतात आणि त्या सगळ्यांना वर्गात असल्यासारखं वागवतात. बाकीच्यांत एक घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, एका दवाखान्यातले कंपाउंडर, एक बेकरीवाले. बेकरीवाले भट्टीचं वेळापत्रक मशीनवर करतात आणि त्यांच्या मशीनच्या कळांत पीठ असतं. घड्याळजी दर बैठकीला ते ब्रशने काढतात आणि म्हणतात, “आज अर्धा पाव निघाला.”

नव्या माणसाने आल्या आल्या उभं राहून आपली अडचण सांगायची असते. मी सांगितलं की ड्राइव्हचं हेड जागेवरून सरकलंय, मला फक्त पट्टीवरच्या खुणा कशा जुळवायच्या ते हवंय, बाकीचं मी करेन.

घड्याळजींनी चष्म्यावरून बघितलं. “एवढं सगळं येतंय तर इथं कशाला आलीस, मुली?”

मी म्हटलं, “एवढं येत नाही म्हणून.”

“मग आधी तेवढंच सांगायचं,” ते म्हणाले, आणि माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला.

चाळीस मिनिटं लागली. स्पिरिट, कापूस, घड्याळाचं भिंग, आणि एक फ्लॉपी जी ते फक्त याच कामासाठी ठेवतात. मी बघत होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या ज्या मला सुचल्या नसत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगते.

मोबदला ते घेत नाहीत. मंडळाचं एक कपाट आहे, पृथ्वीच्या गोलांच्या मागे. त्यात सदस्यांनी लिहिलेले प्रोग्राम खोक्यांत लावून ठेवलेत, प्रत्येकाला नंबर आणि लेबल. कुणीही यावं, उतरवून घ्यावं. अट एवढीच की आपलंही एक काहीतरी त्या कपाटात ठेवायचं. आणि ठेवलेलं प्रत्येक काम पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं, ओळ न् ओळ. लिहिणाऱ्याने वाचन संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाई म्हणाल्या, “न वाचलेलं कपाटात जात नाही. पूर्वी गेलं होतं एकदा. सगळ्यांच्या फ्लॉप्या धुऊन निघाल्या.”

मी शेडचा प्रोग्राम दिला. माझ्याकडे दुसरं काही तयार नव्हतं.

ड्राइव्ह चालू झाल्यावर तुझी जुनी फ्लॉपी उघडली. सहा ओळी आहेत. दर महिन्याला पिवळा अर्ध्या अंकाने कमी होतो आणि निळा पाव अंकाने वाढतो. फक्त बाबांनी बघितलं तर. मला त्यात अर्थ दिसला नाही. रंगाला तारीख कशाला? तू काहीतरी करून बघत असशील आणि पुसायचं राहून गेलं असेल, असं मी धरते. तसं नसेल तर कळव.

तिसरा लॉट गुरुवारी हौदात जातोय. काकांनी या वेळी वजनं माझ्यासमोर केली, प्रत्येक दोनदा. ग्रॅमचाही फरक नव्हता. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग पाण्यात काहीतरी चुकवत असेल.

धाकटी


३ मार्च, सकाळ

ताई,

आधीच्या दोन पत्रांत मी तीन गोष्टी लपवल्या. क्रमाने सांगते.

एक. त्या ओळी फ्लॉपीवर वाचता येत नाहीत असं मी लिहिलं. ते खरं होतं. मशीनमध्ये रोज चालते त्या फ्लॉपीवर त्या नव्हत्याच. गेल्या जूनमध्ये मी तुझा प्रोग्राम स्वच्छ केला. तू गेल्यावर तो माझ्याकडे आला, आणि मला त्यातल्या उड्या, ठिगळं, एकाच गोष्टीची तीन नावं बघवत नव्हती. दोनशे तीस ओळींचं काम मी एकशे साठमध्ये आणलं. मला त्याचा अभिमान होता. ७४० ते ७९० मी त्यात काढून टाकल्या.

दोन. १६ तारखेला मंडळात मी तो प्रोग्राम माझ्या नावाने दिला. लेबलावर फक्त माझं नाव.

तीन. तुझ्या जुन्या ओळी परत मिळाल्यावर त्या तिसऱ्या लॉटसाठी घालून बघता आल्या असत्या. पाच मिनिटांचं काम. मी घातल्या नाहीत. घातल्या असत्या आणि शेड बरोबर आली असती तर मला सांगावं लागलं असतं की जूनमध्ये काय केलं.

तिसरा लॉट गुरुवारी परत आला. शुक्रवारपासून हौदकाका येत नाहीत. जाताना त्यांनी हौदांची झाकणं पुसली, आपली गमबुटांची जोडी दाराशी नीट ठेवली आणि मला म्हणाले, “बघ बाई, आता पाण्याला दोष द्यायलाही कुणी उरलं नाही.” ते हसत होते. मी नाही हसले.

काल बैठक होती.

वाचायला बाई बसल्या. त्यांचं वाचणं पाढे म्हटल्यासारखं असतं, आणि चुकीच्या ठिकाणी कुणी मान डोलावली तरी त्यांना कळतं. पहिल्या शंभर ओळी सगळे खूश होते. बेकरीवाले म्हणाले, “किती नीटनेटकं आहे, नाही? आमच्या सुनेचं स्वयंपाकघर असतं तसं.” मी ओठ मिटून बसले होते, तोंड उघडायला बंदी होती म्हणून सोय होती.

मग बाई थांबल्या. त्यांनी एक पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आल्या.

“हे मशीन विचारतं, कोण बघतंय. उत्तर घेतं. आणि मग त्या उत्तराचं काहीच करत नाही. शेवटपर्यंत बघितलं मी. कुठेच नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ज्याला उत्तर नको असतं तो प्रश्न विचारत नाही. इथलं काहीतरी गेलंय.”

प्रश्न मी ठेवला होता, कारण काकांना एक दाबायची सवय होती. मी नियम मोडला आणि वाचन संपायच्या आधी बोलले. म्हटलं, गेलं नाही, मी काढलं.

जुनी छपाई माझ्या पिशवीत होती. का नेली होती ते मला सांगता येत नाही. बाईंनी सहा ओळी वाचल्या. घड्याळजी म्हणाले, की हे तर रोज थोडं मागे पडणाऱ्या घड्याळासारखं झालं, किती मागे पडतं ते माहीत असलं की काट्याला हात न लावता खरी वेळ सांगता येते.

तेव्हा कंपाउंडर पहिल्यांदा बोलले. ते फार बोलत नाहीत. “हा एक नंबरचा माणूस कोण?”

“वडील.”

“वय?”

“बासष्ट.”

“आमच्या डॉक्टरांकडे रोज येतात असे,” ते म्हणाले. “मोतीबिंदू पिकत जातो तसं पिवळं जास्त दिसायला लागतं आणि निळं कमी. हळूहळू होतं म्हणून ज्याचं त्याला समजत नाही. दोन वस्तू शेजारी धरल्या तरी फरक दिसत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने डोळा मोजलाय.”

“जिने,” मी म्हटलं.

ताई, हे ऐकताना मला ते जेवण आठवलं. तू म्हणालीस, यापुढे नमुने दुसऱ्या कुणीतरी बघावेत. बाबांनी ताटावरून हात काढला आणि विचारलं, कारखाना कधी घेतेस ताब्यात. तू माझ्याकडे बघितलंस. मी नुकतीच पदवी घेऊन आले होते, आणि मी म्हटलं की आधी तुझी ती प्रोग्रामची गोधडी नीट शिव, मग दुसऱ्यांच्या चुका काढ. फाइलवर तारीख आहे दोन वर्षांपूर्वीच्या ११ एप्रिलची. तू बारा तारखेला गेलीस. शेवटच्या दिवशी तू बसून त्या सहा ओळी घातल्यास, बाबांना कळू नये अशा, आणि एका शब्दाचं टिपण लिहिलं नाहीस. का, ते आता समजतं. टिपण लिहिलं असतं तर ते मी वाचलं असतं, आणि मी बाबांना सांगितलं असतं.

बैठक संपल्यावर बाईंनी कपाटातून फ्लॉपी काढली आणि लेबल नखाने सोलायला घेतलं. मला रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, आता काय लिहू. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी ते फळ्यावर लिहितात तशा अक्षरात लिहिलं. सहा ओळी वेगळ्या काढून त्यांचीही एक फ्लॉपी केली, नंबर एकशे बारा. घड्याळजींनी तिथल्या तिथे उतरवून घेतली. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेली लंबकाची नऊ घड्याळं आहेत. त्यांना प्रत्येकाचा रोजचा फरक मांडायचाय.

कंपाउंडर दारापर्यंत आले. म्हणाले की ओळी परत घालशील तर शेड येईल, पण डोळा तसाच राहील, आणि फार पिकू दिला तर ऑपरेशन अवघड होतं. “तुझ्या बहिणीने वेळ मिळवून दिला. वेळ म्हणजे इलाज नव्हे.”

आज रविवार. कारखाना बंद, बाबा तिथे एकटे असतात. मी आता छपाई घेऊन जाते आहे. पत्र आधी टाकते, म्हणजे माघार घेता येणार नाही.

धाकटी


६ मार्च

ताई,

सांगितलं.

कसं सांगावं ते सुचत नव्हतं, म्हणून मंडळाच्या पद्धतीने केलं. बाबा खिडकीशी बसले होते, परत आलेल्या लॉटची एक लडी पुढ्यात. मी म्हटलं, ताईचा प्रोग्राम मोठ्याने वाचायचाय, संपेपर्यंत बोलायचं नाही. ते म्हणाले, मला त्यातलं काय कळतंय. पण ऐकत बसले.

“सातशे चाळीस. बघणारा एक असेल तर,” मी वाचलं.

“एक म्हणजे मी,” ते म्हणाले.

“बोलायचं नाही.”

सहा ओळी वाचून झाल्यावर मी थांबले. पुढचं वाचलं नाही. त्यांनी विचारलं, आजच्या तारखेला किती होतं. मी हिशेब करूनच गेले होते. पिवळ्यात साडेअठरा, निळ्यात सव्वानऊ.

त्यांनी लडी आणि नमुना उचलला, खिडकीशी धरला. बराच वेळ. एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा.

“मला एकच दिसतंय,” ते म्हणाले. “तुला?”

“लडी पिवळी आहे, बाबा. बरीच.”

“त्याने तीनदा सांगितलं मला.”

“हो.”

“आणि हिने? हिने का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं. जेवताना.”

“मी काय म्हणालो ते मला आठवतंय,” ते म्हणाले. म्हणजे मला पुढे काही बोलायची गरज नव्हती, पण मी बोलले. मी त्यांना सांगितलं की मी काय म्हणाले होते, आणि या ओळी जूनमध्ये कुणी काढल्या. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता बरसतील. त्यांनी फक्त विचारलं, “का काढल्यास?”

“मला अर्थ कळला नाही म्हणून.”

“कळला नाही तर विचारायचं,” ते म्हणाले. मग स्वतःशीच हसल्यासारखं काहीतरी केलं. “कुणाचं बघून विचारणार तू? या घरात कोण विचारतं?”

त्यांनी चपला घातल्या आणि गेले. मी बरोबर येऊ का म्हटलं तर हाताने नको केलं. हौदकाकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, चालत पाच मिनिटं. त्यांना परत यायला दोन तास लागले.

तिथे काय झालं ते मला काकांकडून कळलं, त्यामुळे त्यात थोडा मसाला धर. बाबा दारात उभे राहिले आणि बसायच्या आधीच म्हणाले, “चूक माझ्या डोळ्याची होती. उद्यापासून ये.” काका म्हणाले, “डोळा बिघडला तर डॉक्टरांकडे जायचं. मी काय हौदात बुडवून काढू?” मग काकू बाहेर आल्या आणि त्यांनी बाबांना जे सुनावलं ते काकांनी मला सांगायचं नाकारलं. म्हणाले, तुझं लग्न झालं की सांगेन. मग तिघांनी चहा घेतला.

काका सोमवारी आले. एका अटीवर: नमुना दोघांनी बघायचा, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याला हाक मारायची. बाबांनी अट मान्य केली आणि लगेच म्हणाले की तिसरा कोण ते मी ठरवणार. तेव्हा काका बूट घालता घालता मला म्हणाले, बरे आहेत, काळजी करू नकोस.

मी तुझ्या सहा ओळी जागेवर घातल्या, जशाच्या तशा. उड्यांसकट. काल चौथा लॉट केला. व्यापारी स्वतः आले होते, लडी बाहेर उन्हात नेली, नमुन्याशेजारी धरली आणि पुढच्या तीन नमुन्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

कंपाउंडरांनी त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत आहे, डावा जास्त. डॉक्टर म्हणाले, हे इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही? बाबा म्हणाले, “माझ्या मुलीने येऊ दिलं नाही.” मी बाजूला होते. ते माझ्याबद्दल बोलत नव्हते.

तू मला फूटपट्टी म्हणायचीस. तेव्हा राग यायचा. फूटपट्टीचा दोष हा, की तिला फक्त तिच्यावर कोरलेलं कळतं.

मी जेवताना जे बोलले ते चूक होतं. प्रोग्राममध्ये ठिगळं होती. ती तशीच हवी होती.

धाकटी


२२ मार्च

ताई,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. आईने ते उघड उघड दारात घेतलं आणि मोठ्याने म्हणाली, “अगं, पत्ता कुठून मिळाला बरं तुला?” अभिनयाचं बक्षीस तिला मिळणार नाही.

आत पत्र नव्हतं, तक्ता होता. मी तो तीनदा वाचला. तुझं अक्षर बदललेलं नाही. चौदा महिने, दर महिन्याला एकदा, शेड तीनशे अठराची तीच एक लडी. दर वेळी वेगळ्या कागदात गुंडाळलेली, दर वेळी नवा नमुना म्हणून बाबांपुढे ठेवलेली. पिवळा चाळीसपासून सत्तेचाळीसपर्यंत गेला, निळा बासष्टवरून साडेअठ्ठावन्नवर आला. आणि त्या चौदा महिन्यांत एकही लॉट परत आला नव्हता, कारण आकडे तेव्हा तूच मशीनमध्ये टाकायचीस आणि टाकता टाकता दुरुस्त करायचीस. हे मला तक्ता बघेपर्यंत सुचलं नव्हतं. प्रयोगशाळेत मी उपकरणं अशीच तपासते, एकच वजन पुन्हा पुन्हा ठेवून. मला ते चार वर्षं कॉलेजात शिकावं लागलं.

खाली तुझी एकच ओळ होती: डावा डोळा आधी दाखवा. दाखवलाय. ऑपरेशन गुरुवारी, २८ तारखेला सकाळी नऊ वाजता.

तक्ता मी बाबांना दाखवला. तू दाखवू नको असं लिहिलं नव्हतंस. त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला, बोट ठेवून, एकेक महिना. आई दोनदा दारात येऊन गेली. मग त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं.

“हे ऑगस्टचं चुकलंय,” ते म्हणाले.

मी विचारलं, कसं.

“एकदम दोनने वर गेलंय, मग पुढच्या महिन्यात परत खाली. त्या दिवशी ढगाळ असणार. ढगाळ उजेडात नमुना दाखवला तिने मला. हे मी तिला शिकवलंय, नमुना ढगाळ उजेडात बघायचा नसतो. आठ वर्षांची होती तेव्हा शिकवलंय.” त्यांनी तक्त्याची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मला परत दिली नाही. “लिही तिला.”

“काय लिहू?”

“ऑगस्टचं लिही. आणि म्हणावं, असं पत्रात नाही कळायचं. लडी हातात धरून समोरासमोर बोलावं लागेल.”

हे मी शब्दशः लिहिलं आहे. मी तुझ्या जागी असते तर यात आधी चूक शोधली असती, म्हणून सांगते: ऑगस्टचा आकडा खरोखरच बसत नाही. त्यांचं बरोबर आहे.

पट्टी सुटल्यावर तीन आठवडे त्यांनी हौदाच्या वाफेत जायचं नाही. काका एकटे नमुने बघू शकतील, पण अट दोघांची आहे आणि ते अट मोडायला तयार नाहीत. म्हणतात, मी मोडली तर तुझे बाबा दुसऱ्या दिवशी मोडतील. मी दोन नमुने बघून आकडे सांगितले. काकांनी ते ऐकले आणि विचारलं, तू मीटर नक्की कशाने बघतेस. मला जमत नाही. शिकेन, पण तीन आठवड्यांत नाही, आणि एकटीने तर नाहीच.

ऑपरेशननंतर तुझ्या सहा ओळी उलट्या बाजूने चुकायला लागतील. डोळा निवळेल आणि मशीन त्याला पिवळाच समजेल, मग सगळं निळ्याकडे जाईल. त्या केव्हा काढायच्या, एकदम की हळूहळू, उजवा डोळा व्हायच्या आधी की नंतर, हे मला सांगता येणार नाही. गेल्या शनिवारी मंडळात विचारलं. सहा जणांनी सहा मतं दिली. बेकरीवाले म्हणाले भट्टी निवते तसं हळूहळू करा. बाई म्हणाल्या, जिने लिहिलं तिला विचारा, आम्ही वाचणारे. मग घड्याळजींनी विचारलं ती येणार कधी, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू ते मला माहीत असायला हवं.

मला माहीत नाही. म्हणून विचारते आहे. तू यावंस असं बाबांना वाटतं, आईला वाटतं, काकांना वाटतं. मला वाटतं. तुझी खोली मी माझ्या सामानासाठी वापरत होते, ती काल रिकामी केली.

तुझ्याकडून येणारी बस बुधवारी संध्याकाळी सव्वासहाला पोचते. मी स्टँडवर असेन. नाही आलीस तर गुरुवारी ऑपरेशन आटोपून पुन्हा येईन, मग शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी. सोमवारी रजा संपून मला प्रयोगशाळेत जायचंय, पण ती सहाला सुटते आणि स्टँड तिथून चालत बारा मिनिटांवर आहे.

धाकटी